तिसऱ्या प्रयत्नाला सगळे पुढे

माझा मुलगा अमेरिकेत शिकतो आणि तिथल्या कॉलेजच्या फुटबॉल संघाबरोबर असतो, असं सांगितलं की इथे दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधले आमच्या ओळखीचे लोक त्याला खेळाडू समजतात. मग फोनमधला त्याचा किडकिडीत अंगाचा फोटो बघतात आणि विषय बदलतात. तो खेळत नाही. मैदानाच्या वर काचेची एक खोली असते, तिथे बसून तो लिहितो. आपल्या संघाने बचावाला कुठली चाल लावली, किती माणसं पुढे पाठवली, किती मागे ठेवली आणि पुढे काय झालं, हे प्रत्येक वेळी. एवढ्या लांब इंजिनिअरिंगला पाठवला आणि हा वही घेऊन बसलाय, असं मी बायकोला म्हणालो होतो. ती म्हणाली, "तू मुसफ्फात दुसरं काय करतोस?" ते खरं होतं. मुसफ्फा म्हणजे अबू धाबीजवळची कारखान्यांची वस्ती, तिथे मी एका फॅब्रिकेशन कंपनीत प्लॅनिंगला आहे. दुसऱ्यांनी कधी काय केलं ते लिहून ठेवणं हेच माझं काम.

हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. चेंडू दोन्ही बाजूंनी निमुळता असतो, तो हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. दोन प्रयत्न फुकट गेले आणि अजून बरंच अंतर उरलं असलं, की तिसऱ्या वेळी ते चेंडू फेकणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. तेव्हा बचाव करणाऱ्यांपुढे दोन रस्ते असतात. माणसं मागे ठेवायची आणि फेकलेला चेंडू अडवायचा. नाहीतर सगळ्यांनी मिळून फेकणाऱ्यावरच तुटून पडायचं आणि त्याला सवड द्यायची नाही. आमच्या मुलाच्या संघाचा बचाव ठरवणारे प्रशिक्षक वयस्कर होते आणि ते जवळजवळ दर वेळी दुसरा रस्ता धरायचे. मुलाने आपल्या वहीतून हे शोधून काढलं, एका कागदावर मांडलं आणि त्यांना नेऊन दाखवलं. त्यांनी कागद वाचला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, हे मी तुझ्या जन्माच्या आधीपासून करतोय.

यातलं काहीही मुलाने मला सांगितलं नव्हतं. हे सगळं मी माझ्या वडिलांच्या फोनवर वाचलं, ते गेल्यानंतर.

वडील सांगलीत एकटे राहायचे. मंगळवारी सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होतो. मी आधी गाडी नीट लावली. मग एक्सेल उघडून दुपारच्या मीटिंगचा कागद दुसऱ्याला पाठवला, मग मॅनेजरकडे गेलो. त्याने माझा खांदा धरला, "सॉरी हबीबी" म्हणाला आणि विचारलं, पाच दिवस पुरतील ना, पुढच्या आठवड्यात शटडाउनची, प्लांट बंद ठेवून करायची कामं आहेत. मी हो म्हणालो. पंधरा मागितले असते तर त्याने दिले असते, असं आता वाटतं. तेव्हा मागावेसेच वाटले नाहीत. पुण्यापर्यंत विमान, तिथून गाडी. बुधवारी सकाळी अंत्यसंस्कार झाले. लोक येत होते, माझ्याजवळ बसत होते, उठून जात होते. मला काहीच वाटत नव्हतं, आणि काहीच वाटत नाही याची तेवढी लाज वाटत होती.

दहावा आणि तेरावा माझ्या चुलतभावाने केला, कारण मी रविवारीच परतलो होतो. दहाव्याच्या दिवशी ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता. मी केक खाल्ला. अर्धा खाल्ल्यावर आज कुठला दिवस आहे ते आठवलं आणि मी उरलेलाही खाल्ला.

मुलाला सांगायचं नाही, हे मी सांगलीला पोचण्याआधी, गाडीतच ठरवलं होतं. खरं तर त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. आमच्या घरात ही चाल वर्षानुवर्षांची आहे. तो दहावीला असताना त्याच्या आईचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याच्यापुरती ती शारजाला मावशीकडे गेली होती. त्याच्या जिवलग मित्राचे आईवडील गाशा गुंडाळून कायमचे केरळला गेले, तेही त्याला शेवटचा पेपर देऊन आल्यावर कळलं. इथे राहणाऱ्या कितीतरी घरांत हेच चालतं. गावाकडचं वाईट काहीही असो, परीक्षा होईपर्यंत पोरांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. आणि या वेळी तर मुलाची परीक्षाही होती आणि हंगामाच्या शेवटच्या तीन मॅचेसही. हंगाम संपला की लिहिणाऱ्या पोरांपैकी एकाला पुढच्या वर्षासाठी असिस्टंट म्हणून घेणार होते. त्याला ते फार हवं होतं. आईला त्याने तसं सांगितलं होतं, आणि आईने मला.

"तो आता लहान नाही," बायको दुबईहून फोनवर म्हणाली. "सांगून टाक."

"तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. मॅचेस होऊ देत."

"आणि त्याने विचारलं तर?"

"तो कशाला विचारतोय," मी म्हणालो. तिला पटलं नव्हतं, पण ती तेव्हा भांडली नाही, कारण माझे वडील गेले होते.

शनिवारी दुपारी मी सांगलीच्या घरात कागदपत्रं बघत बसलो होतो. साडेचारच्या सुमाराला टेबलावरचा वडिलांचा फोन वाजला. मुलाचा मेसेज होता. तिकडे सकाळचे सात वाजले असणार. "आजोबा, आज मॅच आहे. आमचे कोच परत तेच करणार. मी परत एकदा सांगू का त्यांना?" अक्षरं इंग्रजी, पण भाषा मराठी. माझ्याशी तो सहावीपासून इंग्रजीत बोलतो. मी मराठीत विचारलं की तो "फाइन, बाबा" म्हणतो. वडिलांनी ते खपवून घेतलं नसतं, म्हणून त्यांच्यासाठी त्याने हे मोडकंतोडकं मराठी जपलं असावं.

मी लगेच उत्तर लिहिलं. "सांग. तुझं बरोबर आहे. आशीर्वाद." हात थांबला असता तर मी विचार केला असता. तो थांबला नाही.

मग मी वर वर जात जुने मेसेज वाचत सुटलो. दोन वर्षांचे होते. पोराने आजोबांना हा सगळा खेळ मराठीत समजावून दिला होता आणि आजोबांनी त्याच्याशी यथेच्छ वाद घातला होता. वडील तरुणपणी कबड्डी खेळायचे. त्यांच्या कॉलेजचा संघ एकदा फायनलला हरला, ते पंचांमुळे, असं मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. नातवाला त्यांनी वेगळंच लिहिलं होतं. "मी डावा कोपरा. समोरच्याचा पाय दिसला की घोट्यावर झेप. माझी ती पकड गाजलेली होती. फायनलला त्यांचा एक बारका पोरगा चढाईला आला, त्याने पाय पुढे केला आणि तसाच ठेवला. मी झेप घेतली. त्याने पाय काढून घेतला, मी तोंडावर पडलो आणि माझ्या मदतीला धावलेल्या दोघांना शिवून तो परत गेला. मी काय करणार ते त्याला माझ्या आधी माहीत होतं. तुझ्या कोचना हे सांग. ते ऐकणार नाहीत. मीही ऐकलं नसतं. आधी जेव."

मी तो फोन घेऊन दुबईला आलो. चार्जर विसरलो होतो, तो इथे नवीन घेतला.

पुढच्या दोन आठवड्यांबद्दल लिहायला मला संकोच वाटतो. पोराचे मेसेज येत राहिले आणि मी आजोबा होऊन उत्तरं देत राहिलो. आधी दोन-दोन शब्द लिहायचो. मग मीच विचारायला लागलो. सगळे पुढे धावले तर मागे कोण उरतं? फेकणाऱ्याला कसं कळतं की हे आता येणार? तो सविस्तर लिहायचा. उभं राहण्यातूनच कळतं, म्हणायचा, पाय आधीच पुढे रोखलेले असतात. आणि ही चाल वाईट नाही, दहांतून काही वेळा जबरदस्त चालते, तोच तर प्रॉब्लेम आहे. चालते म्हणून सवय लागते, आणि सवय लागली की समोरचा तिची वाट बघत बसतो. मी मुसफ्फात जेवणाच्या सुट्टीत हे वाचायचो. मी लिहायचो, तुझं बरोबर आहे. त्या दिवसांत मला काही जाणवत असेल तर ते तेवढ्या अर्ध्या तासात. बाकी वेळ मी खुर्चीत बसलेला असायचो, एवढंच.

एकदा त्याने आजोबांना फोनच लावला. ऑफिसात टेबलावर तो वाजत राहिला आणि मी बघत राहिलो. थांबल्यावर लिहिलं, "कान दुखतोय. लिहून पाठव." रविवारी माझ्या फोनवर आमचा नेहमीचा व्हिडिओ कॉल व्हायचा, तेव्हा तो विचारायचा, "हाउज आजोबा?" मी सांगायचो, "एकदम फर्स्ट क्लास." बायको तेव्हा स्वयंपाकघरात जायची.

शेवटची मॅच कॉलेजच्या वेबसाइटवर दिसणार होती, आमच्या संध्याकाळी आठला. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. बायकोने ताटं हॉलमध्येच आणली. त्यांच्या संघाकडे चार गुणांची आघाडी होती आणि ती शेवटपर्यंत टिकली तर हंगाम बरा म्हणता आला असता. त्या दिवशी दोनदा ती चाल चालली. तिसरा प्रयत्न, अंतर लांब, आमचे सगळे धावले आणि फेकणारा चेंडू हातात असतानाच आडवा झाला. मैदानात प्रचंड आरडाओरडा झाला. मीसुद्धा हातातला घास तसाच धरून बघत होतो.

शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू समोरच्यांकडे होता. पहिला प्रयत्न गेला. दुसरा गेला. तिसरा आला, अंतर लांब.

"आता हे परत सगळे धावणार," बायको म्हणाली. तिला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. ती आयुष्यातली पहिली मॅच बघत होती.

ते सगळे धावले. समोरचा फेकणारा या वेळी घाबरला नाही. तो दोन पावलं मागे सरकला, त्यांना आणखी जवळ येऊ दिलं आणि त्यांच्या डोक्यांवरून चेंडू अलगद कडेला टाकला. तिथे त्याचा एक गडी नुसता उभा होता. आमचं तिकडे कुणीच नव्हतं. तो गडी चेंडू घेऊन शेवटपर्यंत पळत गेला आणि शेवटी शेवटी तर त्याने वेगही कमी केला. कॅमेरा वरच्या काचेच्या खोलीकडे गेला नाही. मला ती बघायची होती.

"त्यांना आधीच माहीत होतं," बायको म्हणाली आणि ताटं उचलली. "उद्या सांगणार आहेस ना?"

"उद्या. मॅच झाली आता."

कॉल संध्याकाळी सहाचा असायचा. मी पावणेसहालाच सोफ्यावर जाऊन बसलो, कसं सुरू करायचं त्याची वाक्यं जुळवत. आजोबांची तब्येत गेले काही दिवस जरा, असं सुरू करावं आणि मग हळूहळू पुढे न्यावं, असं मी योजलं होतं. सहाला पाच मिनिटं असताना फोन वाजला. माझा नव्हे. वडिलांचा, टीव्हीखाली चार्जिंगला लावलेला. व्हिडिओ कॉल होता.

मी बायकोकडे बघितलं. "घे," ती म्हणाली.

मी घेतला. आजोबांच्या फोनवर माझा चेहरा बघून पोराला धक्का बसला नाही. तो हॉस्टेलच्या खोलीत पलंगावर बसला होता.

"हाय, बाबा," तो म्हणाला. "आय नो."

मी काहीतरी बोलायला गेलो. तो मराठीत बोलायला लागला. माझ्याशी.

"मला पहिल्याच दिवशी कळलं. मी मेसेज केला आणि एका मिनिटात उत्तर आलं. आजोबा दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून आल्यावर उत्तर द्यायचे. आणि तू लिहिलंस, तुझं बरोबर आहे. आजोबा मला कधीच बरोबर म्हणाले नाहीत, बाबा. एकदाही नाही."

"ते आजारी असतील, मी त्यांचा फोन धरला असेल, असंही असू शकलं असतं," मी म्हणालो. काय बोलत होतो कोण जाणे. मी अजून बचावच करत होतो.

"ते आजारी असते तर तू म्हणाला असतास, जरा थकलेत. आईच्या ऑपरेशनला तू तिला फर्स्ट क्लास म्हणाला होतास. खूप वाईट असलं की तू फर्स्ट क्लास म्हणतोस. ऑल्वेज."

बायको माझ्या शेजारी येऊन बसली. तिने त्याला विचारलं, "मग बोलला का नाहीस रे?"

"तो उत्तरं देत होता ना," तो तिला म्हणाला, माझ्याबद्दल. "प्रश्न विचारत होता. मला वाटलं, मी बोललो तर ते बंद होईल. आणि त्याला वाईट वाटेल. म्हणून मीपण सांगितलं नाही."

मी विचारलं, "तू एकटाच होतास?"

"हो. मी वाचलं ऑनलाइन. सुतक दहा दिवसांचं असतं ना? मी आंघोळ केली डोक्यावरून. गार पाण्याने केली, गरम चालतं का माहीत नव्हतं. दहा दिवस गोड नाही खाल्लं. तेराव्याला काय करतात ते मला नीट समजलं नाही. म्हणून मी त्या दिवशी कुठे गेलो नाही. खोलीत बसलो. त्यांचे मेसेज वाचले."

"क्लासला पण नाही?" मी विचारलं.

"क्लास नव्हता. प्रॅक्टिस होती, गुरुवारची. शेवटच्या मॅचच्या आधीची. कोचनी विचारलं का आला नाहीस, घरी काही झालंय का. मी नाही म्हणालो."

"अरे, का?"

"तू सांगितलं नव्हतंस ना. मग झालेलं नव्हतं." तो हे रागाने म्हणाला नाही. वहीत लिहिल्यासारखं म्हणाला. "काल मॅचनंतर त्यांनी असिस्टंटचं सांगितलं. दुसऱ्या एकाला दिलं. कारण न सांगता प्रॅक्टिस चुकवणारा माणूस नको म्हणाले. इट्स ओके. मला तो दिवस पाळायचा होता."

खोलीत एसीचा आवाज येत होता. माझ्या डोक्यात हिशेब आपोआप सुरू झाला, तो माझा धंदाच आहे. त्याने माझ्या पहिल्या उत्तराचा शनिवार धरला होता. शनिवारपासून तेरावा दिवस गुरुवार. पण वडील मंगळवारी गेले होते. खरा तेरावा त्याच्या चार दिवस आधी, रविवारी येऊन गेला होता. रविवारी त्यांची प्रॅक्टिस नसते. रविवारी तो कायम मोकळा असतो, म्हणून तर आमचा कॉल रविवारी.

"बाबा," तो म्हणाला, "मी दिवस बरोबर मोजले ना?"

हो माझ्या ओठांवर आलं होतं. एका शब्दाचं काम होतं. पोराला बरं वाटलं असतं आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. बायको माझ्याकडे बघत होती. तोही बघत होता, आणि मी काय म्हणणार ते त्याला माहीत आहे, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाही," मी म्हणालो. "चार दिवसांनी चुकलास. ते मंगळवारी गेले."

त्याने मान हलवली आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत मोजायला सुरुवात केली, लहानपणी आजोबांनी शिकवलं होतं तसं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. मी त्याला थांबवलं नाही. दुसऱ्या रविवारवर येऊन अंगठा थांबला, आणि तो आपल्या हाताकडे बघत राहिला.